रस्ता सरळ, स्टीअरिंग तिरके : दोनशे वर्षांच्या भूमितीचा वारसा

मोटारींच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करणारा ‘भारत एनकॅप’ हा राष्ट्रीय कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला. त्यात तीन किंवा अधिक तारे मिळवायचे, तर गाडीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असावे लागते. चालकाला कोठे वळायचे आहे, हे ही प्रणाली स्टीअरिंगच्या कोनावरून ओळखते. त्यामुळे एका जुन्या तक्रारीला नवे महत्त्व आले आहे : व्हील अलाइनमेंट करून आणलेली गाडी सरळ धावते, स्टीअरिंग मात्र किंचित तिरके राहते.

या तक्रारीचे मूळ घोडागाडीच्या काळात आहे. तेव्हा पुढचा आस मध्यावरील एका खुंटीभोवती सबंध फिरत असे. तीव्र वळणावर गाडीचा आधार अरुंद होई आणि ती उलटण्याची भीती असे. आस स्थिर ठेवून प्रत्येक चाक स्वतंत्र खुंटीवर वळवावे, हा विचार अठराव्या शतकात चार्ल्स डार्विन यांचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी मांडला. पुढे म्युनिकचे गाडी-कारागीर गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांनी अशी रचना केली. त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी, प्रकाशक रुडॉल्फ आकरमन यांनी १८१८ मध्ये तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले आणि प्रतिनिधीचेच नाव रूढ झाले. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या मोटारीला पुढे एकच चाक होते. दोन चाके वळवणाऱ्या रचनेचे पेटंट त्यांना १८९३ मध्ये मिळाले.

या रचनेने स्थैर्य दिले. त्याचबरोबर प्रत्येक चाकाला स्वतःचा कोनही दिला. वरून पाहता चाक सरळ रेषेपासून जितके आत वा बाहेर वळलेले असते, तो त्याचा ‘टो’. समजा, दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून टो ०.२० अंश हवा आहे. स्टीअरिंग मध्यावर असताना डावीकडे ०.३० आणि उजवीकडे उणे ०.१० ठेवला, तरी बेरीज बिनचूक येते. परंतु गाडी धावू लागताच दोन्ही चाके तो टो समान वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकी ०.२० अंश वळतात. स्टीअरिंगचे गुणोत्तर १५ असेल, तर हातातील चक्र ३ अंश तिरके दिसते. उपाय सोपा आहे : स्टीअरिंग मध्यावर घट्ट बांधून दोन्ही टाय रॉड योग्य दिशेने सारख्याच मापाने फिरवावेत, एकूण टो बदलत नाही.

दोष मागेही असू शकतो. मागची चाके ज्या दिशेला गाडी ढकलतात, ती रेषा गाडीच्या मध्यरेषेशी जुळत नसेल, तर पुढची चाके त्या तिरक्या रेषेला समांतर धरावी लागतात. म्हणून चारही चाकांचे मोजमाप हवे. मागचा कोन बदलता येत नसेल, तर पुढची चाके त्याच रेषेला जुळवतात.

निदानाचा क्रम असा असावा. आधी टायरमधील हवा तपासावी. मग सपाट रस्त्यावर गाडी चालवावी. आपल्याकडे रस्त्याचा उतार बहुधा डावीकडे असल्याने गाडी तिकडे ओढली जाते आणि स्टीअरिंग उगाच उजवीकडे धरले जाते. हात सैल सोडताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर टायर, ब्रेक वा सस्पेन्शन तपासावे. गाडी सरळ जात असून केवळ स्टीअरिंग तिरके असेल, तर संशय टोच्या वाटणीवर किंवा मागच्या चाकांवर घ्यावा.

चक्र काढून एक दाता सरकवून बसवणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने चक्र सरळ दिसेल. मात्र चाकांचे कोन चुकीचेच राहतील आणि कोन मोजणाऱ्या सेन्सरचा शून्यही ढळेल. मर्सिडीज-बेंझच्या गाडीत १९९५ मध्ये आलेल्या स्टॅबिलिटी प्रणालीपासून हा सेन्सर चालकाच्या इच्छेचा साक्षीदार आहे. त्याचा शून्य चुकला, तर सरळ रस्त्यावरही चालक वळतो आहे अशी साक्ष तो देईल. म्हणून अलाइनमेंटनंतर कागदावरील बेरजेवर न थांबता डाव्या-उजव्या चाकांचे वेगवेगळे आकडे पाहावेत आणि निर्मात्याने सांगितले असेल तेथे सेन्सरचा शून्य पुन्हा निश्चित करून घ्यावा.