पिकअप आणि ॲव्हरेज : एका इंजिनाची दोन चरित्रे

मोटारीविषयी बोलताना आपण दोन इंग्रजी शब्द इतक्या सहजपणे वापरतो की त्यांचे परकेपण लक्षातही येत नाही : पिकअप आणि ॲव्हरेज. मूळ भाषेत ‘ॲव्हरेज’ म्हणजे नुसती सरासरी. कशाची ते वेगळे सांगावे लागते. मुंबईच्या टॅक्सीतळावर ते सांगावे लागत नाही. तिथे ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये कापलेले अंतर, आणि पर्यायाने दिवसाअखेर हाती उरणारी रक्कम. शब्दाच्या या अर्थांतरात शहराच्या अर्थव्यवहाराचा एक तुकडा दडलेला आहे. इंजिनाची ‘उच्च कामगिरी’ कशाला म्हणावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर यंत्राकडून कोण काय मागतो यावर ठरते. प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

हे इंजिन मूळचे १९३७ सालचे. फियाटने आपल्या ‘५०८ सी’ या गाडीसाठी ते काढले. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, एकूण १०८९ घन सेंटिमीटर. बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचे हेड. शक्ती ३२ अश्वशक्ती. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गाडीला ती पुरेशी होती. परंतु यंत्राचा सांगाडा दणकट असल्याने त्यातून अधिक काही काढता येईल, हे जाणकारांच्या लवकरच ध्यानात आले.

एन्झो फेरारी यांनी अल्फा रोमिओ सोडली तेव्हा काही वर्षे स्वतःच्या नावाने गाड्या न काढण्याचे बंधन त्यांच्यावर होते. म्हणून १९४० साली त्यांनी बांधलेली पहिली गाडी ‘८१५’ एवढ्याच नावाने मिल्ले मिलियाच्या शर्यतीत उतरली. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन याच फियाटच्या भागांवर आधारलेले होते. चार-चार सिलिंडरांची दोन हेड एका नव्या ब्लॉकवर बसवलेली. उतरलेल्या दोन्ही गाड्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. महायुद्धानंतर, १९४६ साली, फियाटचाच अभियंता दांते जाकोसा याने पिएरो दुसिओ यांच्यासाठी ‘चिसिटालिया डी-४६’ ही एकआसनी शर्यतीची गाडी आखली. इंजिन तेच, ११०० चे. पण वंगणाची व्यवस्था बदलून आणि बारकाईने पुन्हा बांधून त्यातून साठाहून अधिक अश्वशक्ती काढलेली. गाडीचे वजन चारशे किलोच्या आत. तूरिनमधल्या पहिल्याच शर्यतीत दुसिओ स्वतः जिंकले.

याच इंजिनाचे दुसरे चरित्र मुंबईत घडले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५१ मध्ये फियाटशी करार झाला, १९५४ पासून ‘फियाट ११००’ कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढे ती डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली, आणि १९७० च्या दशकात पद्मिनी. नावे बदलली, इंजिनाचे कूळ बदलले नाही. खासगी गाडीपेक्षाही टॅक्सी म्हणून तिला या शहरात खरे आयुष्य लाभले. गिरगावातून निघून दादरपर्यंत सिग्नलमागून सिग्नल घेत, निम्मा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दोन पाळ्यांत दोन चालकांच्या हाताखाली, अशी वर्षानुवर्षे.

अशा वापराने इंजिन झिजते. ते ‘ऑइल खाऊ लागते’, धूर मारते, चढावर ओढत नाही. मग ते उतरवून ‘बांधायला’ घ्यावे लागते. हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे; घर बांधावे तसे इंजिन बांधले जाते, आणि घराप्रमाणेच त्यालाही आधी आराखडा लागतो. सिलिंडर किती थाऊ झिजला, म्हणजे इंचाचे किती हजारावे भाग, हे मापून ठरते की बोअर वीस थाऊने वाढवायचा की चाळीसने. त्याप्रमाणे मोठे पिस्टन आणि रिंगा. क्रँक घासायची असेल तर त्या मापाचे बेअरिंग. ब्लॉकमध्ये बोअर वाढवायला जागाच उरली नसेल तर स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर यायचे. एका निर्णयावर दुसरा अवलंबून असतो. म्हणून मिस्त्री आधी मापतो आणि मग खर्च सांगतो.

येथे दोन्ही चरित्रे एकमेकांना भेटतात. शर्यतीसाठी इंजिन बांधणाराही बोअर वाढवतो. ६८ चा ६९ मिलिमीटर केला की १०८९ चे सुमारे ११२२ घन सेंटिमीटर होतात, आणि त्याला तेच हवे असते. लालबागच्या टॅक्सीचा बोअर झिजेमुळे वाढवावा लागतो. वाढलेले घन सेंटिमीटर कुणी मोजत नाही. शर्यतवाला हेडची खालची बाजू छाटून कॉम्प्रेशन वाढवतो. टॅक्सीचे हेडही छाटले जाते, पण इंजिन तापून ते वाकलेले असते म्हणून. आणि त्यामुळे वाढलेले कॉम्प्रेशन साध्या पेट्रोलवर ठोके देऊ लागले, तर जाड गॅस्केट घालून ते पुन्हा खाली आणावे लागते. दोन्हीकडे लेथ तेच, माप तेच. हेतू मात्र उलटे. एकाला काही फेऱ्यांपुरती सारी ताकद हवी आहे. दुसऱ्याला पुढची काही वर्षे रोज सकाळी एका चावीत सुरू होणारे यंत्र हवे आहे, आणि तेही पदरचे कर्ज फिटेल इतक्याच खर्चात. यांतले उच्च कामगिरी कशाला म्हणायचे?

पुढे टॅक्सी सीएनजीवर आल्या तेव्हा हाच पेच नव्याने उभा राहिला. या वायूला चढे कॉम्प्रेशन मानवते; शर्यतवाल्याने ते लगेच वाढवले असते. पण गाडी अडीअडचणीला पेट्रोलवरही चालायला हवी, म्हणून इंजिन होते तसेच ठेवले गेले. पिकअप उतरला, खर्च वाचला, आणि कोरड्या वायूने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजू लागल्याने मिस्त्रीचे काम वाढले. चालकांनी हा सौदा स्वीकारला. ॲव्हरेज या शब्दाने तो आधीच ठरवून ठेवला होता.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने या सगळ्याकडे का पाहावे? गिरणगावातल्या कामगाराला नारायण सुर्वे यांच्यासारखा कवी मिळाला. नामदेव ढसाळ यांनी तर तरुणपणी स्वतः मुंबईत टॅक्सी चालवली होती, आणि रस्त्याची भाषा त्यांनी कवितेत हक्काने आणली. परंतु ऑपेरा हाउसच्या परिसरातून सुटे भाग आणून परळ-लालबागच्या गॅरेजांत इंजिने बांधणाऱ्या मिस्त्रीच्या वाट्याला तसा कवी आला नाही. थाऊ, सूत, आटे, पाना, कानस, बैठक, फेस मारणे ही त्याची परिभाषा अनेक भाषांच्या सरमिसळीतून घडली. ती बोलणारा माणूस मराठी असेल, उत्तर प्रदेशातला असेल वा दक्षिणेतला. भाषा मात्र या शहराची आहे.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. हे वय नोंदणीच्या तारखेपासून मोजले जाते. इंजिन मधल्या काळात किती वेळा बांधले, याला त्या कागदावर रकाना नाही. फेरारींच्या दोन ‘८१५’ पैकी एक इटलीत आजही जपून ठेवलेली आहे, आणि तिच्या हेडची कूळकथा ग्रंथांत सापडते. आपल्याकडच्या इंजिनांची कूळकथा ज्यांना तोंडपाठ आहे, ते मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. मराठीचे विभाग बोलींचे संकलन करण्यासाठी विद्यार्थ्यांना खेडोपाडी पाठवतात. त्यांतल्या काहींनी वही घेऊन लालबागच्या एखाद्या गॅरेजात बसायला हरकत नसावी. निदान चाळीस थाऊनंतर ब्लॉकचे काय करायचे, हे मिस्त्री कसे ठरवतो ते त्याच्याच शब्दांत लिहून घेता येईल.