युद्धनौकेकडे असलेलं दीड मिनिट

पाटसला कुणाला मी माझा संशोधनाचा विषय सांगितला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढी मोठी युद्धनौका, तिला किनाऱ्यावरच्या एका ट्रकची कसली भीती? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडा हिशोब करू.

पृथ्वी गोल असल्यामुळे रडारलाही क्षितिजाखालचं दिसत नाही. समजा, नौकेचं रडार पाण्यापासून 25 मीटर उंचावर आहे आणि क्षेपणास्त्र लाटांच्या वर जेमतेम 4 मीटरवरून येतंय. मग ते साधारण 29 किलोमीटरवर पहिल्यांदा दिसू शकतं. पाटस ते पुणे अंतराच्या निम्मंच म्हणा ना! सेकंदाला 300 मीटर वेगाने हे अंतर दीड मिनिटात संपतं. ओळखायचं, ठरवायचं आणि पाडायचं, सगळं तेवढ्यातच.

यात सगळ्यात अवघड काय असेल? तुम्ही म्हणाल, पाडणं. इतिहास बघितला तर ओळखणंही तितकंच अवघड आहे.

4 डिसेंबर 1971 च्या रात्री भारताच्या 25 व्या क्षेपणास्त्र नौका पथकातल्या 'निर्घात'ने कराचीजवळ पाकिस्तानच्या 'खैबर' या विनाशिकेवर क्षेपणास्त्र सोडलं. हा मारा किनाऱ्यावरून नव्हता, नौकेवरून होता. पण धोका तोच. खैबरच्या लोकांना ते येताना दिसलं होतं. त्यांना वाटलं, विमान आहे. तोफा चालवल्या, विमानहल्ला झाल्याचा संदेशही पाठवला. दुसऱ्या क्षेपणास्त्रानंतर खैबर बुडाली.

आता 12 जून 1982, फॉकलंड. अर्जेंटिनाने नौकेवरचं एक्झोसेट क्षेपणास्त्र काढून ट्रेलरवर बसवलं आणि किनाऱ्यावरून ब्रिटिश 'ग्लॅमॉर्गन'वर डागलं. इथे नौकेवरच्यांनी धोका ओळखला आणि नौका झटकन वळवून तिची मागची बाजू क्षेपणास्त्राकडे केली. त्यामुळे घाव तिरका बसला. 14 जण दगावले, पण नौका वाचली.

2006 मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्यावरून हिजबुल्लाने इस्रायलच्या 'हनित'वर क्षेपणास्त्र सोडलं. हनितवर क्षेपणास्त्र पाडणारी बराक यंत्रणा होती, पण ती चालूच नव्हती. समोरच्याकडे असं काही असेल, हेच कुणी गृहीत धरलं नव्हतं. चार खलाशी गेले.

म्हणजे यंत्र कितीही भारी असो, 'हे येऊ शकतं' असं आधी माणसाला वाटावं लागतं. एकदा दीड मिनिट सुरू झालं की विचार करायला वेळ उरत नाही.

आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस विशाखापट्टणम' 2021 मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली. तिच्यावर मध्यम पल्ल्याची 32 क्षेपणास्त्रं आहेत, जवळ आलेल्या लक्ष्यासाठी झटपट मारा करणाऱ्या तोफा आहेत आणि क्षेपणास्त्राला भुलवणारे 'कवच' रॉकेटही आहेत. 26 जानेवारी 2024 ला एडनच्या आखातात हुथींचं क्षेपणास्त्र 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर आदळलं, तेव्हा आग विझवायला हीच नौका धावली. त्या जहाजावर 22 भारतीय होते. व्यापारी जहाजाकडे ना कवच, ना बराक. म्हणून 'इथं समुद्र कुठाय' असं वाटलं तरी हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही.

ही भुलवणारी रॉकेटं नेमकी कशी काम करतात, ते पुढच्या लेखात. तोवर काही शंका असतील तर जरूर विचारा.