बंगालचं पाणी

रविवार, 26 सप्टेंबर 2021. तुम्ही गंगाखेडात उतरता तेव्हा पितृपक्ष चालू आहे. इथं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. हॉटेलात चहा पिणाऱ्यांचे मास्क हनुवटीवर आहेत आणि टीव्हीवर लाटा उसळताहेत. ‘गुलाब’ चक्रीवादळ आज रात्री आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागणार. गंगाखेडहून सरळ पूर्वेला, सुमारे पावणेआठशे किलोमीटरवर.

पुढचे आठ दिवस तुम्हाला माहीत आहेत, म्हणून तुम्ही शिवारात जाऊन सोयाबीनच्या सुडीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला सांगता, “बाबा, मळणीयंत्र आजच बोलवा.”

“पाव्हणं, वादळ तिकडं आंध्रात. हितं कुठं समुद्र हाय?”

सोमवारी बातम्या त्यांचीच बाजू घेतात: वादळाचा जोर ओसरला. ओसरला तो वाऱ्याचा. समुद्राची ऊब तुटली, जमिनीशी घासून वेग गेला. पण पोटातलं बाष्प तसंच पश्चिमेकडं निघालंय. मापायचा तो वारा आणि बुडवणार पाणी, असा हा हिशेब आहे. पावसाचा इशारा येतो, नाही असं नाही. पण चार महिने इशारेच ऐकलेल्या माणसानं कितव्यांदा मळणीवाल्याच्या पाया पडायचं?

मंगळवार उजाडतो तो धो धो पावसातच. तिकडं मांजरा धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडलेत. इथं गंगा गढूळ, फुगलेली. बंगालच्या उपसागरातून आलेलं पाणी ती पुन्हा तिकडंच घेऊन चाललीय. नद्यांना हे जमतं, सोयाबीनला नाही. सुडीवर ताडपत्री आहे, कडेनं दगड आणि जुने टायर. वरून थेंब शिरलेला नाही. पाणी खालून चढलंय. तुम्ही आत हात घालता तर गरम वाफ लागते, आंबूस वास येतो. एक शेंग दाबली की दाणा फुगून बोटाला चिकटतो. दोन दिवसांत कोंब येतील. बाजूच्या रानात कापूस ओल्या वातींसारखा लोंबतोय.

पीकविम्याला 72 तासांत कळवायचं असतं. बाबांचा नातू बांधावर उभा राहून रेंज शोधतोय. तुम्हाला ठाऊक आहे, 1 ऑक्टोबरला याच वादळाचे अवशेष अरबी समुद्रात पुन्हा जोर धरतील, त्यांना ‘शाहीन’ हे नवं नाव मिळेल आणि 3 तारखेला ते ओमानवर आदळतील. वारा आला की नाव येतं, बातमी येते. मधल्या बिननावाच्या दिवसांत मराठवाडा बुडाला, एवढंच.

“काका, कारण काय सांगू?” नातू विचारतो. “वादळ का पाऊस?”

तुम्ही “वादळ” म्हणता.

“पाऊस लिव रं,” बाबा मधेच म्हणतात. “वारं तर आलंच न्हाई.”