नव्या हिरवळीची निगा (नांदेड व लातूर परिसर)

रोपवाटिकेत वाढवलेले गवत मुळांसह व मातीच्या पातळ थरासह कापून आणून घरच्या बागेत अंथरले जाते. या तुकड्यांना व्यवहारात लादी किंवा लॉनचा गालिचा म्हणतात. लादी अंथरल्याबरोबर जागा हिरवी दिसू लागते. परंतु त्या वेळी गवताची मुळे कापलेली असतात आणि खालच्या जमिनीशी त्यांचा संबंध आलेला नसतो. तो जुळेपर्यंतचे, म्हणजे साधारणतः पहिले तीन ते चार आठवडे, हिरवळीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात. मराठवाड्यातील काळी जमीन, कडक उन्हाळा आणि पाण्याची टंचाई यांमुळे नांदेड व लातूर येथे या काळाला विशेष महत्त्व आहे.

गवताची निवड

हिरवळीसाठी सर्वाधिक वापरले जाणारे गवत म्हणजे हरळी. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा या हरळीचेच कोवळे कोंब होत. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या शेतात हीच हरळी कुंदा व लव्हाळ्याच्या पंक्तीतील हट्टी तण मानली जाते आणि ती निघावी म्हणून उन्हाळी नांगरट केली जाते. शेतकऱ्याला नकोसा असलेला तिचा चिवटपणाच बागेत उपयोगी पडतो. पाण्याचा ताण पडला की ती पिवळी पडून निपचित राहते आणि पाऊस होताच पुन्हा फुटते. मात्र तिला रोज पाच-सहा तास ऊन लागते. कडुनिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते. ‘मेक्सिकन’ वा ‘कोरियन’ या नावांनी विकले जाणारे बारीक पानांचे गवत बहुधा झॉयशिया प्रजातीतील असते. ते थोडी सावली सहन करते, पण सावकाश पसरते.

जमीन

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. भेग पडताना लादीचे सांधे उघडतात व नुकतीच फुटलेली मुळे तुटतात. दुसरी अडचण सहसा लक्षात येत नाही. लादीखालची माती पुष्कळदा हलकी, लाल पोयट्याची असते. ती पाणी चटकन शोषते, तर खालची काळी माती सावकाश. पाणी या दोन थरांच्या सीमेवर थांबते आणि मुळे कुजतात. वरून पाहणाऱ्यास गवत पिवळे दिसते, तो पाणी कमी पडल्याचा निष्कर्ष काढतो आणि आणखी पाणी देतो. या परिसरात हिरवळ दगावण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

यावरील उपाय लादी बसवण्यापूर्वीच करावा लागतो. जमीन १५ ते २० सेंटिमीटर खणून लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात, वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे आणि उतार घराच्या भिंतीपासून दूर ठेवावा. खत अर्धवट कुजलेले असल्यास वाळवी व हुमणी येते. लाद्या विटांच्या थरांप्रमाणे, सांधे एका रेषेत येऊ न देता, परस्परांना चिकटवून बसवाव्यात. सांध्यांत वाळूमिश्रित माती भरून हलका रोलर फिरवावा, म्हणजे मुळे व जमीन यांत पोकळी राहत नाही.

ऋतू आणि पाणी

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर पाणी दिले, तर दिवसाला सुमारे २८० लिटर आणि वीस दिवसांत साडेपाच हजार लिटरांहून अधिक पाणी लागते.

लातूरमध्ये हा हिशेब केवळ बागकामापुरता राहत नाही. मांजरा धरण कोरडे पडल्याने मार्च २०१६ मध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पामुळे नांदेडची स्थिती त्यामानाने बरी असली, तरी पावसाने ओढ दिली की तेथेही काटकसर अटळ ठरते. उन्हाळ्यात नवी हिरवळ बसवणे दोन्ही ठिकाणी अनुचितच म्हटले पाहिजे. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, जूनअखेर ते जुलैत, बसवलेल्या हिरवळीला बहुतांश पाणी आकाशातून मिळते. केवळ उघडिपीच्या दिवसांत पाणी द्यावे लागते. संततधार सुरू असताना मात्र लादी बसवू नये, कारण चिखलात पाय रुतून पडलेले खळगे पुढे कायम राहतात.

घरातील सांडपाण्यापैकी भाज्या व धान्य धुतलेले पाणी वापरण्यास हरकत नाही. कपडे धुण्याच्या साबणातील सोडियममुळे काळी माती घट्ट होते, म्हणून ते पाणी टाळावे. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. तेही नुसते देऊ नये. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास मातीवर पांढरट थर दिसू लागतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो.

पहिले तीन आठवडे

लादी बसवल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिले पाणी द्यावे. पुढील दहा-बारा दिवस लादी व तिच्याखालची माती ओलसर ठेवावी. पाणी साचू देऊ नये. कडा व सांधे सर्वांत आधी वाळतात, म्हणून भिंतीलगतच्या व फरशीलगतच्या पट्ट्यांकडे अधिक लक्ष द्यावे. पाणी सकाळी लवकर देणे उत्तम. सायंकाळी दिलेल्या पाण्याने पाने रात्रभर ओली राहतात व दमट हवेत बुरशी वाढते.

मूळ धरले की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. लादीचा एक कोपरा हलकेच उचलून पाहावा. तो सहज उचलला गेला व खाली पांढरी मुळे दिसली नाहीत, तर आणखी थांबावे. ओढ जाणवली, तर रोजचे थोडे पाणी बंद करून तीन-चार दिवसांआड भरपूर पाणी द्यावे. त्यामुळे मुळे खोल जातात. तोपर्यंत हिरवळीवर चालणे, खुर्च्या मांडणे व मुलांचे खेळ टाळावेत.

कापणी, खत व कीड

गवत सहा-सात सेंटिमीटर उंच झाल्यावर पहिली कापणी करावी. उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये. पाते धारदार असावे आणि जमीन वाफसा स्थितीत असावी. रासायनिक खताची घाई नको. दीड महिन्यानंतर चौरस मीटरला दहा ग्रॅम युरिया पसरून लगेच पाणी द्यावे. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेने कोवळी पाने पिवळी पडतात. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून फवारल्यास फरक पडतो. हिराकशीचे तांबडे डाग फरशीवरून निघत नाहीत, याची दक्षता घ्यावी.

पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे सायंकाळी कडुनिंब व बाभळीवर जमतात. त्यांच्या अळ्या मुळे खातात व लादी चटईसारखी गुंडाळून येते. फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणे व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे हा शेतातील उपाय बागेतही लागू पडतो. लव्हाळा मात्र नुसता वरून उपटल्यास गाठींतून पुन्हा उगवतो. तो कोवळा असतानाच खुरप्याने गाठीसह काढावा लागतो.