समुद्रकाठचा मुक्काम

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे घरोघर एक हिशेब सुरू होतो. नगरपासून समुद्र दूर. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले तर कोकण पायाखाली पसरलेले दिसते. पण समुद्र आणखी पुष्कळ पुढे राहतो. मुलांना तो एकदा तरी दाखवावा असे प्रत्येकाला वाटते. गाडीभाड्याचा आकडा कसाबसा जमतो आणि मग मुक्कामाच्या आकड्यापाशी हिशेब अडतो. चार माणसे, चार रात्री, दोन वेळचे जेवण! हा प्रश्न आजकालचा वाटतो खरा. वास्तविक तो फार जुना आहे, आणि परक्या गावी, समुद्राच्या काठी, माफक पैशांत पाठ टेकायला जागा कशी मिळत आली याची हकीकत लढायांच्या हकीकतीइतकीच ऐकण्याजोगी आहे. तिला आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत : जागा स्वस्त मिळते तेव्हा तिची उरलेली किंमत कोण देत असतो?

आरंभ नाशिकच्या पांडवलेण्यांपासून करू. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. आपण केलेल्या दानांची यादी देताना उषवदात सांगतो की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी आपण चौसोपी निवासस्थाने बांधली. यांतील भरुकच्छ म्हणजे भडोच आणि शूर्पारक म्हणजे नालासोपारे; दोन्ही त्या काळची नांदती बंदरे. तापी, दमण, डहाणूका अशा नद्यांवर त्याने फुकट तरीही ठेवल्या होत्या. म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या माणसाची नदी ओलांडण्याची सोय झाली आणि उतरण्याचीही झाली.

पण खर्च कसा चाले? त्याच लेण्यातला दुसरा एक लेख याबाबतीत फार बोलका आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक, आणि हजारावर पाऊण, असे व्याज ठरले. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज खायचे, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. हे दान मुक्कामाच्या घरांसाठी नव्हते, हे खरे. तथापि दान टिकवायचे कसे याची अक्कल त्यात दिसते. इमारत एकदा बांधून भागत नाही. तिच्यामागे दरसालचे उत्पन्न लावून द्यावे लागते.

ही अक्कल ज्या व्यक्तीने सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरली ती आपल्याच जिल्ह्यातली. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी होळकरांच्या दौलतीचा कारभार पाहिला, आणि २०२४ साली या जिल्ह्याला त्यांचेच नाव देण्यात आले. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ (१७८०) आणि सोमनाथाचे देऊळ (१७८३) यांचा उल्लेख प्रत्येक चरित्रात असतो. देवळे डोळ्यांत भरतात. परंतु त्यांच्या बांधकामांची यादी समुद्राच्या बाजूने वाचून पाहा. पश्चिमेला सोमनाथ आणि द्वारका, पूर्वेला जगन्नाथपुरी, अगदी दक्षिणेला रामेश्वर. पुरी आणि रामेश्वर येथे देवळांबरोबर धर्मशाळाही आहेत, रामेश्वरी विहीरसुद्धा. आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गोकर्ण येथे होळकर वाडा, बाग आणि गरीबखाना यांची नोंद आहे. गरीबखाना! त्याच गोकर्णात आज ओम आणि कुडले यांच्या वाळूवर देशोदेशीची तरुण मंडळी स्वस्त झोपडी शोधत फिरतात. आम्हांला विचाराल तर अहिल्याबाईंचे मोठेपण देवळाच्या कळसापेक्षा या एका शब्दात अधिक आहे. खाऱ्या पाण्याच्या काठी गोडे पाणी आणि छप्पर लागते, हे त्या डोंगर-पठाराच्या लेकीने ओळखले होते.

हा पैसा राज्याच्या वसुलातून येत नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. होळकरांकडे दौलतीचे उत्पन्न वेगळे आणि खासगीचे वेगळे. खासगी म्हणजे घरातल्या स्त्रीच्या नावे तोडून दिलेली मिळकत. अहिल्याबाईंच्या दानधर्माचा मोठा भाग या खासगीतून झाला. पुढे संस्थान विलीन झाले आणि या धर्मादाय मालमत्तांसाठी १९६२ साली इंदुरास विश्वस्त मंडळ नेमावे लागले. राज्य गेले तरी मालमत्ता मागे राहिली, ती वेगळी काढून ठेवली होती म्हणून.

येथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. धर्मशाळा सर्वांसाठी असे आपण सहज म्हणून जातो. ती सर्वांसाठी नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाने पैसे मोजले तरी त्याला जागा मिळेना, मग फुकट मिळण्याची गोष्टच दूर. परदेशात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहायला घर मिळाले नाही. ते नाव बदलून एका पारशी वसतिगृहात उतरले, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या तळ्यामुळे त्यातले पाणवठे सर्वांना ठाऊक झाले. पण सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धर्मशाळाही त्या ठरावात होत्या. घटनेच्या १५ व्या कलमाने पुढे हॉटेलांचाही दरवाजा उघडला. तोवर मुक्कामाची उरलेली किंमत काही माणसे अपमानाच्या रूपाने भरत होती.

धर्मशाळेखेरीज आपल्या लोकांची आणखी एक वाट होती, कुलदैवताची. गुहागरचा व्याडेश्वर हा देशावरच्या कित्येक घराण्यांचा कुलस्वामी. वर्षा-दोन वर्षांनी कुळाचार करायला माणसे घाट उतरत आणि उपाध्यांच्या ओसरीवर पथारी पसरत. दर ठरलेला नसे; निघताना दक्षिणा ठेवायची. हरिहरेश्वर, गणपतीपुळे येथेही हीच चाल. आजच्या घरगुती खाणावळीचे मूळ पुष्कळ ठिकाणी या ओसरीत आहे. आणि मुंबईचा समुद्र पाहायचा तर गिरगावातल्या दोन खोल्यांत राहणारे एखादे मामा असतच! तेथे उरलेली किंमत मामी देत असे, हे वेगळे सांगायला नको.

मग एस.टी. आली. १ जून १९४८ रोजी महाराष्ट्रातली पहिली एस.टी. धावली ती नगर-पुणे मार्गावर, हा मान आपल्या गावाचा. स्वस्त आसन मिळाले, पण त्या आसनावरून उतरलेल्या माणसाला स्वस्त खाट कोण देणार? इंग्लंडात हा प्रश्न गिरणीकामगारांपुढे आधीच आला होता. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर घरमालकिणी खोल्या देत. पाहुण्याने शिधा आणून द्यायचा, बाईने शिजवून द्यायचा, आणि टेबलावरच्या मीठ-मिऱ्याचे पैसे निराळे! १९३८ साली तेथे भरपगारी सुट्टीचा कायदा झाला, तेव्हा मजुराच्या समुद्रस्नानाचा काही भार मालकावर गेला. आपल्याकडे तो थोडाबहुत सरकारने उचलला. १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले, गणपतीपुळे आणि तारकर्ली येथे त्याची निवासस्थाने आली. पण सुट्टीत खोल्या थोड्या आणि मागणारे फार. महामंडळाची खरी उपयोगी कल्पना आम्ही न्याहारी-निवास योजनेला म्हणू. नवी इमारत बांधायची नाही. गावकऱ्याच्या राहत्या घरातल्या एक-दोन खोल्या नोंदवून पाहुण्यांना द्यायच्या. घराचा खर्च घरवाल्याने स्वतः राहण्यासाठी आधीच केलेला असतो. म्हणूनच दर उतरतो. उषवदाताचे व्याज, अहिल्याबाईंची खासगी, आणि आता कोकणातल्या कुटुंबाचे वडिलोपार्जित घर.

हे घर किती दिवस टिकेल हीच आता काळजीची गोष्ट आहे. शेजारचा गोवा पाहा. १९६१ साली तो मुक्त झाला. त्याच दशकाच्या अखेरीस परदेशी तरुण कळंगुट, हणजुणे येथे आले, ते गावकऱ्यांच्या घरातच भाड्याने राहिले. १९७४ साली आग्वादच्या किल्ल्यापाशी मोठे पंचतारांकित हॉटेल उभे राहिले, पुढे परदेशातून थेट विमाने येऊ लागली, आणि किनाऱ्याच्या जमिनीला असा भाव चढला की घरातली खोली देण्यापेक्षा घरच देऊन टाकणे फायद्याचे दिसू लागले. घर विकणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पण त्या घराबरोबर माफक दराची खोलीही जाते, आणि नवा मालक जमिनीची किंमत पाहुण्याकडूनच वसूल करतो. कोकणात आज जमिनी घेणारे मुंबई-पुण्याचे लोक आहेत. आपल्या नगरचेही असतील.

उलट बाजूला वेळास आहे. मंडणगड तालुक्यातले हे लहान गाव, नाना फडणिसांचे मूळ गाव. येथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालायला येतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती अंडी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे निघतात ती सकाळी आणि संध्याकाळी. त्यामुळे पाहायला आलेल्याला रात्र गावातच काढावी लागते. गावात हॉटेल नव्हते, म्हणून लोक घरांत उतरले. पाहुण्यांनी ओसरीवर किंवा माजघरात गाद्या घालून झोपायचे, घरचेच जेवण जेवायचे, आणि पैसे सरळ घरातल्या बाईच्या हातात द्यायचे. फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच हंगाम. मे महिन्याच्या सुट्टीत, आपण नगरहून निघतो तेव्हा, पिल्ले बहुधा निघून गेलेली असतात. वेळासची घरे मात्र तेथेच असतात, आणि तेव्हा त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या असतात.