दहा मुलांची अट

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचा इतिहास वाचताना आम्ही एका आकड्यापाशी थबकलो. १८७० साली हा प्रांत संघराज्यात आला, तेव्हा विधिमंडळात फ्रेंचला इंग्रजीबरोबर स्थान आणि कॅथलिक शाळांना संरक्षण मिळाले होते. पुढे इंग्रजी भाषिकांची बहुसंख्या झाली. १८९०मध्ये फ्रेंचचे स्थान गेले, कॅथलिक शाळांचे अनुदानही गेले. १८९६च्या तडजोडीने शाळेत फ्रेंच वा अन्य भाषेची दहा मुले असल्यास त्या भाषेतून व इंग्रजीतून शिकविण्याची मुभा दिली. पोप तेरावे लिओ यांनी ती तडजोड अपुरी ठरविली. आमच्या मते, तरीही तिने जर्मन, पोलिश, युक्रेनियन लेकरांनाही आसरा दिला. १९१६मध्ये तोही संपला. १८९०चा भाषा-कायदा सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला तो १९७९मध्ये. १८९०ची शाळकरी मुले हयात असलीच तर नव्वदीत होती.