रिकाम्या हातांचे बांधकाम

काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक माता आम्हांस भेटावयास आल्या. त्यांच्या मुलाची नोकरी गेली होती. “फादर, तो दिवसभर संगणकापुढे बसतो. स्वतःचीच वेबसाइट मोडतो आणि पुन्हा बांधतो. ह्याला काम म्हणायचे की वेळ घालवणे?” असे त्यांनी विचारले. आम्ही चार धीराचे शब्द बोललो. पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याच्या मागोमाग आम्ही ह्या विद्येच्या इतिहासाकडे वळलो, आणि दिसले ते असे की, वेबच्या जडणघडणीतील एका पर्वावर नोकरी गमावलेल्या माणसांच्या हातांची स्पष्ट खूण आहे.

ह्या विद्येचा उगम जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ ह्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये तिचा आराखडा मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिली वेबसाइट उभी राहिली. दि. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्याहूनही उदार अशी एक सोय आरंभीच्या ब्राउझरांतच होती. पडद्यावरचे कोणतेही पान मागून उलगडून त्याची वीण कशी आहे हे कुणालाही पाहता येई. पूर्वी सोनाराची कारागिरी शिकावयाची तर त्याच्या पेढीवर वर्षानुवर्षे बसावे लागे. येथे मात्र प्रत्येक दागिना आपली घडण स्वतःच दाखवीत होता. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ने तर सामान्य माणसाला विनामूल्य जागा देऊन आळ्या आणि वस्त्या वसविल्या. पदवी नको, परवाना नको. हाती वेळ आणि मनात चिकाटी असली की झाले.

पुढे ह्या कलेला भाव आला. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘नेटस्केप’ ह्या ब्राउझर-कंपनीचे समभाग बाजारात आले आणि सॅन फ्रान्सिस्को व तिच्या आसमंतात जणू सोन्याची खाण सापडल्यासारखी धावपळ उडाली. चित्रकार, लेखक, अर्धवट शिक्षण सोडलेले तरुण असे नाना प्रकारचे लोक वेबसाइटी बांधण्याच्या नोकरीत शिरले. दि. १० मार्च २००० रोजी ‘नॅस्डॅक’ निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तोच १,११४ वर आला. नोव्हेंबर २००० मध्ये ‘पेट्स डॉट कॉम’ बंद पडली, जुलै २००१ मध्ये घरपोच वाणसामान देणाऱ्या ‘वेबव्हॅन’चे दिवाळे निघाले, आणि अशा कितीतरी कंपन्यांतील माणसे रस्त्यावर आली. कामावरून कमी केल्याच्या नोटिशीला तेथे ‘पिंक स्लिप’ म्हणतात. तिच्याच नावाने नोकरी गेलेल्यांचे मेळावे भरू लागले.

ह्या काळातील एक प्रसंग आम्हांस विशेष बोलका वाटतो. इव्हान विल्यम्स आणि मेग हौरिहान ह्यांनी १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘पायरा लॅब्ज’ ही छोटी कंपनी काढली होती. कोणालाही स्वतःची टिपणे वेबवर सहज प्रसिद्ध करता यावीत म्हणून तिने ऑगस्ट १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ हे साधन निर्माण केले. जानेवारी २००१ मध्ये पैसा संपला. पगार देणे अशक्य झाले आणि सहकारी निघून गेले. त्यांत हौरिहानही होत्या. विल्यम्स जवळजवळ एकटेच राहिले. ते साधन वापरणाऱ्यांनी सर्व्हरसाठी आपल्या खिशातून पैसे पाठविले होते. एप्रिल २००१ मध्ये डॅन ब्रिकलिन ह्यांच्या ‘ट्रेलिक्स’ कंपनीने व्यवहार करून थोडा आधार दिला. दिवा विझला नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘गूगल’ने ती कंपनी विकत घेतली. बाजाराने ज्या कामाची किंमत शून्य ठरविली होती, ते काम दोन वर्षे बाजाराबाहेरच जिवंत राहिले होते.

आता त्या मातेच्या तक्रारीतील दुसरा भाग घेऊ. एकदा बांधलेले पुन्हा का मोडावयाचे? त्यालाही कारण आहे. १९९० च्या दशकात वेबपानाची मांडणी मोठ्या द्राविडी प्राणायामाने करावी लागे. मजकूर जागच्या जागी बसावा म्हणून तक्त्यांच्या चौकटी एकात एक घालीत आणि मधल्या फटी न दिसणाऱ्या पारदर्शक चित्रांनी भरीत. मजकूर एकीकडे आणि त्याचा पेहराव दुसरीकडे ठेवावा, अशी सूचना होकोन व्हिउम ली ह्यांनी १९९४ मध्येच केली होती आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला ‘सीएसएस’ ह्या नावाने प्रमाणभूत रूपही मिळाले. तथापि ब्राउझर ती नीट पाळीत नव्हते. त्यांनी ती पाळावी म्हणून १९९८ पासून काही कारागिरांनी संघटित चळवळ केली. ब्राउझर बऱ्यापैकी सुधारले तोवर नोकऱ्यांची पडझड सुरू झाली होती.

हा योगायोग फलदायी ठरला. गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवर नवी पद्धत अजमावून पाहण्याची मुभा क्वचितच मिळे. स्वतःच्या वेबसाइटवर अडविणारा कोणी नव्हता. शिवाय नवी नोकरी मागताना दाखवावयाचा नमुनाही तीच. म्हणून हाती वेळ आलेले लोक आपलेच घर उकलून नव्या पद्धतीने बांधू लागले, काय साधले आणि काय फसले हे लिहून ठेवू लागले. मे २००३ मध्ये डेव्ह शी ह्यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ उघडले. मजकूर एकच, आणि निरनिराळ्या कलावंतांनी त्याला चढविलेले पेहराव मात्र अगदी वेगवेगळे! त्याच महिन्यात, २७ तारखेला, मॅट मलेनवेग आणि माइक लिटल ह्यांनी ‘वर्डप्रेस’ प्रसिद्ध केले. हे सारेच बेकार होते असे आम्ही म्हणत नाही. मलेनवेग तर विद्यार्थी होते. परंतु त्यांच्याभोवती शिकणाऱ्यांचा आणि शिकविणाऱ्यांचा जो मेळा जमला होता, त्यात विनावेतन हातांचा वाटा मोठा होता.

एवढे सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. नोकरीच्या मधला काळ सर्वांना सारखा लाभला नाही. अमेरिकेने २००१ ते २००३ ह्या तीन आर्थिक वर्षांसाठी एच-१बी व्हिसांची मर्यादा वर्षाला १,९५,००० केली होती. त्यावर गेलेल्यांत भारतीय अभियंते फार मोठ्या संख्येने होते. त्यांत आपल्या मराठी घरांतील मुलेही होती. त्यांची नोकरी गेली की तेथे राहण्याचा हक्कच धोक्यात येई. साठ दिवसांची सवलत मिळू लागली ती २०१७ पासून. ज्याच्या गाठी शिल्लक आणि पायाखाली स्वतःची भूमी होती त्याला प्रयोग सुचले. दुसऱ्याला परतीचे तिकीट शोधावे लागले. दुसरी गोष्ट अशी की, हे बांधकाम ठिसूळ होते. ‘याहू’ने १९९९ मध्ये घेतलेली ‘जिओसिटीज’ ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली आणि लक्षावधी पाने एका फटक्यात पुसली जाण्याची वेळ आली. काही स्वयंसेवकांनी जमेल तेवढी उतरवून घेतली म्हणून त्यांतील पुष्कळशी वाचली.

वाचकहो, ह्या इतिहासावरून त्या मातेला द्यावयाचे उत्तर आम्हांस आता थोडे स्पष्ट दिसते. मुलगा जे करीत आहे ते कामच आहे. पगार थांबला म्हणून त्याचे कामपण नाहीसे होत नाही. मात्र त्या कामाने चूल पेटत नाही, हेही तितकेच खरे. विल्यम्स ह्यांचा दिवा तेवत राहिला तो इतरांनी तेल घातले म्हणून. तेव्हा घराने काही महिने भाकरीची चिंता वाटून घ्यावी, आणि मुलाने आपण काय शिकलो हे घराला समजेल अशा शब्दांत सांगावे. पुढल्या रविवारी त्या भेटल्या तर आम्ही त्यांना एवढेच सुचविणार आहोत: आज संध्याकाळी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा, आणि काल मोडलेले आज कसे बांधलेस ते मला दाखव, असे म्हणा.